हद्दीत वाढलेला जावई

समस्त वऱ्हाडातल्या पत्तेबाजांना, त्यातही नव्या जावयांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की अमरावतीचं शौर्य बडनेऱ्यापलीकडे चालत नाही. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि माझा वासलेला आ बराच वेळ मिटला नाही.

मित्राच्या लग्नानंतरचा पहिलाच पोळा. सासुरवाडी अकोल्याची, सोबतीला म्हणून त्यानं मला नेलं. त्याच्या मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ. सासऱ्यांना त्या घड्याळाचं इतकं कौतुक, की जावई दिसला रे दिसला की विचारायचे, "काय जावईबापू, किती वाजले?" वेळ ऐकून असे खूश होत, जणू सूर्य तेच हाकत होते!

दुपारी सासरे बैल घेऊन पोळा भरतो त्या तोरणाकडे गेले आणि ओसरीवर तीन पत्ती सुरू झाली. पोळ्याला पत्ते खेळायचेच, ही तिथली रीत. पैशांऐवजी प्रत्येकापुढे मूठभर सरकी. खेळायला आम्ही दोघे, त्याचे मेहुणे आणि बायकोची म्हातारी आत्या.

अमरावतीला आमच्या खेळात चालीला हद्द असे. एका वेळी एकच दाणा. मग भ्यायचं कशाला? हातात कचरा आला तरी "पाहून घेऊ एकडाव" म्हणत शेवटपर्यंत बसायचं.

"आमच्याकडे हद्दबिद्द नसते, बापू," आत्या सुपारी चघळत म्हणाल्या. "ज्याले जेवढं वाटलं, तेवढं टाकावं."

"टाका न आत्या! मी काई भेत नाई."

आणि हा पठ्ठ्या हर डावाला बसून राहिला. त्याची सरकी मेहुण्यांकडे गेली. आत्या मात्र दर वेळी "मले नाई बा झेपत" म्हणून पानं टाकून देत. त्यानं मला कोपरानं ढोसलं, "म्हातारी भित्री हाय."

मग त्याला एक्क्यांची जोडी आली. मेहुण्यांनी पानं टाकली. आत्यांनी मात्र आपली सगळी सरकी पुढे लोटली! मित्राकडे दाणा उरला नव्हता. मी त्याचा सदरा ओढेपर्यंत त्यानं घड्याळ सोडून मधे ठेवलं.

आत्यांनी हातातली सोन्याची पाटली काढली आणि घड्याळाशेजारी ठेवली. "चाला, बापू. आंगठी आहे न तुमची?"

लग्नातली अंगठी! दारात बायको पुरणपोळ्यांचं ताट घेऊन उभी. मित्राचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. हद्दीच्या खेळात त्याला असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. त्यानं पानं टाकली.

आत्यांनी आपली उलटून दाखवली. दुर्री, पंजा, अठ्ठी. तीन रंगांची तीन पानं. अगदीच काही नाही!

"काहून आत्या," तो किंचाळला, "एवढ्याशा पानांवर पाटली लावली?"

"पानांवर कोण खेळते, बापू? मी त तुमच्या तोंडावर खेळून राहिले."

त्यांनी पाटली चढवली आणि घड्याळही मनगटावर बांधून टाकलं. मेहुणे हसून लोळले. तेवढ्यात अंगणात घुंगरं वाजली आणि कपाळभर गुलाल लावलेले सासरे ओसरीवर आले.

"काय जावईबापू, किती वाजले?"

मित्रानं हात पाठीमागे नेला. आत्यांचं सुपारी चघळणं थांबलं. आणि जावईबापू ओरडले,

"आत्याले इचारा!"