पिवळ्या वाटेवरचा ढीग

बालाघाटहून लांजीला जाताना, लांजी यायच्या थोडे आधी, उजव्या हाताला एका जुन्या मालगुजाराचे रान आहे. सागाचे, साजाचे, मधून मधून मोहाचे. आत एक तलाव आहे आणि त्याची पाळ अजून पक्की आहे. मालगुजारी गेली, वाडा पडला, पण रान वारसांकडे राहिले. काही वर्षांपूर्वी त्यांनी ते फिरायला येणाऱ्यांसाठी खुले करायचे ठरवले आणि एका स्थानिक समितीकडे काम सोपवले. समितीने तीन पायवाटा आखल्या. झाडांच्या बुंध्यांवर रंगाचे पट्टे मारले: लाल, पांढरे, पिवळे. पिवळी वाट सगळ्यांत सोपी. चढ नाही, पायऱ्या नाहीत, तलावाला अर्धा वळसा घालून पुन्हा फाटकाशी. लांजीचा किल्ला बघायला येणारे लोक ऊन चढायच्या आधी इथे तासभर फिरून जातील, असा अंदाज होता.

मी तेव्हा वर्तमानपत्रातल्या नोकरीतून निवृत्त होऊन बालाघाटला परतलो होतो आणि एका दैनिकाच्या जिल्हा पानासाठी अधूनमधून लिहीत होतो. या वाटांवर लिहायचे ठरले. वाटांचे काम चालू असतानाच मी दोन सकाळी तिथे गेलो. वार्ताहर म्हणून मला पहिल्या वरिष्ठाने एकच गोष्ट शिकवली होती: जे मोजता येते ते मोजून लिहायचे. मी तिन्ही वाटा पावलांनी मोजल्या. सावली कुठे आहे, बसायला कुठे जागा आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला कुठे त्रास होईल, हे टिपून घेतले.

पिवळ्या वाटेवर, फाटकापासून सहाशे बारा पावलांवर, दगडांचा एक ढीग होता. गुडघ्याच्या वर येईल एवढा. वरती वाळलेल्या डहाळ्या पडलेल्या. वाट त्याला वळसा घालून जात होती आणि त्या वळणावर अरुंद होत होती. काम चालूच असल्याने मी तो ठेकेदाराचा उरलेला माल समजलो. तिथे विचारायला कोणी नव्हते. फाटकावर माणूस होता, त्याला परत जाताना विचारता आले असते. मी विचारले नाही. लेखाच्या शेवटी सूचना दिल्या, त्यांतली एक अशी होती: पिवळ्या वाटेवरील दगडांचा ढीग हलवावा व वाट सरळ करावी, म्हणजे वृद्धांची सोय होईल.

लेख छापून आला. समितीच्या लोकांना तो आवडला, असे मला कळवण्यात आले.

त्यानंतर वाटा खुल्या झाल्या आणि मी स्वतःही तिथे जाऊ लागलो. मोहाचा हंगाम संपून लग्नसराई सुरू झाली होती. एका सकाळी फाटकाशी पोचलो तेव्हा तिथे वाद चालला होता. एका बाजूला वाटांची देखरेख करणारा तिशीतला माणूस, दुसऱ्या बाजूला साठीच्या आसपासची एक बाई आणि तिची मुलगी. बाईच्या हातात फडक्यात बांधलेले काहीतरी होते. मुलीच्या खांद्यावरच्या पिशवीत लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. वरच्या पत्रिकेवरचा गणपती पिशवीतून दिसत होता.

"मावशी, मी कितीदा सांगू? दगडच पाहिजेत ना?" देखरेख करणारा म्हणाला. "जंगलात काय कमी आहेत? ट्रॉलीभर घेऊन जा. पैसा भी नाही लागत."

"तुया घरचं मानूस मेलं त फोटो कोनाचाबी लावशील का रे?" बाई म्हणाली.

तो मला पाहून म्हणाला, "बघा ना सर जी. ऊपरसे ऑर्डर आला, आम्ही हटवले. पेपरमध्ये आलतं."

मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हते. मला वाट चालणारा एक म्हातारा म्हणूनच तो ओळखत होता.

मी बाईला विचारले, काय झाले. तिने सांगितले ते असे. तिचा नवरा मोह वेचायला या रानात यायचा. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. एका पहाटे अस्वलाने त्याला गाठले. सोबतचे लोक खाट आणायला गावात पळाले, खाट येईपर्यंत तो गेला. जिथे माणूस असा अवेळी जातो, तिथे तिच्या गावात पहिला दगड घरचे ठेवतात. मग त्या बाजूने जाणारा प्रत्येक जण एक दगड टाकतो. दगड सापडला नाही तर हिरवी डहाळी टाकतो. कोणी कोणाला सांगत नाही. तो ढीग तसा वाढला होता.

"दर साली मोहाच्या टायमाले येतो," ती म्हणाली. "औंदा काम चालू होतं, कोनी आत जाऊ नाही दिलं. आता पोरीचं लगन हाय. पह्यली अक्षत त्याले देल्याबिगर दुसऱ्या कोनाले पत्रिका कशी देऊ जी?"

"आठ दिन बचे हैं," मुलगी म्हणाली. ती हिंदीतच बोलायला लागली होती, मग आईकडे पाहून मराठीत आली. "मी मायले म्हटलं, घरी फोटोजवळ ठेवू. ऐकत नाही. सगळ्या पत्रिका अशाच पडल्या आहेत. नवरदेवाकडचे रोज फोन करून राह्यले."

"फोटोत तो कुठी हाय?" बाई म्हणाली. "फोटोत त सदरा हाय. तोबी दुसऱ्याचा मांगून घातला होता."

मुलगी हसली. बाईही किंचित हसली. देखरेख करणारा हसला नाही, तो चपलेने माती उकरत उभा होता.

ती जागा कुठे होती हे त्यालाही नीट सांगता येत नव्हते. मजूर बाहेरचे होते. ढीग काढून दगड वाटेच्या दोन्ही बाजूंना कडेला लावले, काही नाल्यातून आणलेले त्यात मिसळले, आणि वळणे बुजवून वाट सरळ केली. आता सगळीकडे एकसारखी मुरूम टाकलेली वाट होती.

मी म्हणालो, मला ती जागा दाखवता येईल. टिपणवही माझ्याजवळ होती. तिच्यात आकडा होता.

आम्ही चौघे निघालो. मी फाटकापासून मोजत गेलो. बाई मागून येत होती, तिच्या पायांत चपला नव्हत्या. सहाशे बारा पावले झाल्यावर मी थांबलो. बाईने इकडे तिकडे पाहिले.

"इथं नाही," ती म्हणाली.

मी सांगितले की मी नीट मोजले आहे.

"मोजलं असन. पन इथं नाही."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी मोजले तेव्हा वाट वळणावळणाची होती. आता ती सरळ झाली होती, म्हणून आखूड झाली होती. आकडा बरोबर होता आणि वाट बदलली होती. किती वळणे गेली, प्रत्येक वळणामागे किती पावले कमी धरायची, हे कोणालाच माहीत नव्हते. मी अंदाजाने मागे आलो. पन्नास पावले, मग आणखी वीस. प्रत्येक ठिकाणी ती मान हलवत होती. झाडांवर पिवळे पट्टे होते, पण ते नंतर मारलेले. तिच्या ओळखीचा एक साजा होता, तो दिसत नव्हता. देखरेख करणारा म्हणाला, एक साजा वाळला होता, फिरणाऱ्यांवर पडेल म्हणून काढला.

"माय, चल घरी," मुलगी हळूच म्हणाली. "ऊन होऊन राह्यलं."

बाई वाटेच्या मधोमध खाली बसली. मला वाटले ती थकली. ती समोर पाहत होती. मग उठली, दहाबारा पावले पुढे गेली आणि पुन्हा बसली. पुन्हा उठली. असे तिने चार वेळा केले. मुलीने विचारले, काय करते आहेस.

"मी इथं कवा उभी राह्यली होती का?" ती म्हणाली. "मी त बसत होती. बसल्यावर पान्याचा एक तुकडा दिसे. उभं राह्यलं की बांबू आडवा ये."

पाचव्यांदा ती बसली तेव्हा बराच वेळ उठली नाही. मी तिच्या मागे जाऊन खाली वाकलो. बांबूच्या बेटाच्या खालून, दोन बुंध्यांच्या मधे, तलावाचे पाणी दिसत होते. हाताच्या पंजाएवढे. उन्हाळ्याने तलाव आटत चालला होता, आणखी काही दिवसांनी तिथून चिखल दिसला असता.

"हौ," ती म्हणाली. "इथंच."

जागा नव्या वाटेच्या बरोबर मध्यावर होती. तिने हाताने मुरूम बाजूला केला. खाली काळी माती लागली तेव्हा थांबली. फडके सोडले. हळदीचे तांदूळ मातीवर ठेवले. मुलीने पिशवीतून पहिली पत्रिका काढली आणि आईकडे दिली. बाईला वाचता येत नव्हते. तिने पत्रिका सरळ धरली आहे ना, हे मुलीला विचारले. मग ती तांदळांवर ठेवली आणि म्हणाली, "आजच्या आठव्या दिवशी पोरीचं लगन हाय. येजा. उशीर नका करजा, तुमाले उशिराची सवय हाय." एवढे बोलून ती थांबली. मुलगी तोंड फिरवून तलावाकडे पाहत होती.

मी तेव्हा तिला सांगितले. पेपरमध्ये ते मी लिहिले होते, ढीग हलवावा असे. मला तो ठेकेदाराचा माल वाटला होता.

देखरेख करणाऱ्याने माझ्याकडे पाहिले. बाई बसलेलीच होती.

"वरती डगाली दिसल्या नाहीत तुमाले?" तिने विचारले.

डहाळ्या दिसल्या, मी म्हणालो. कचरा वाटला.

"कुठले तुमी?"

बालाघाटचाच.

"बालाघाटचे," ती म्हणाली. मुलीकडे पाहून पुन्हा म्हणाली, "बालाघाटचे हायत म्हने." त्यात रागापेक्षा दुसरे काही होते. तो राग असता तर मला बरे वाटले असते.

माझे वडील, त्यांचे वडील याच जिल्ह्यात सरकारी नोकरीत होते. लांजी, लामता, बिरसा, सगळीकडे बदल्या झाल्या. आमच्या घरात या रानांबद्दल पुष्कळ बोलले जाई, लाकूड किती निघाले, रस्ता कुठवर आला. दगडांबद्दल कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. तसे ढीग मी लहानपणीही पाहिले असणार.

"तुमच्या सांगन्यानं हलले ना दगडं?" बाई म्हणाली. "मंग आता आनून ठेवाले सांगा. त्याच पेपरात."

मी म्हणालो, लिहीन.

"अरे सर जी, वाट बंद होईल," देखरेख करणारा म्हणाला.

"बंद काहून होईन?" मुलगी म्हणाली. "बाजूने जातील. पहले भी जात होते ना?"

तो वाटेच्या कडेला गेला, तिथला एक दगड उपटून आणला आणि तांदळांपासून वीतभर अंतरावर ठेवला. तो ढिगातला होता की नाल्यातला, हे त्यालाही माहीत नसावे. बाईने विचारले नाही. मीही एक आणला. तो माझ्या अंदाजापेक्षा जड होता, दोन वेळा खाली ठेवावा लागला.

बाई उठली, पदराने हात पुसले. "आता पत्रिका वाट," ती मुलीला म्हणाली. मुलीने दुसरी पत्रिका काढली. आईने ती तिच्या हातातून घेतली आणि माझ्यापुढे धरली. मी घेतली.

तेवढ्यात फाटकाच्या बाजूने फिरायला आलेले तिघे पुरुष आले, पायांत पांढरे बूट, बोलत बोलत. मुलगी वाटेच्या मधे जाऊन उभी राहिली आणि हिंदीत म्हणाली, "भैया, ज़रा साइड से." दोघे वाट सोडून गवतातून गेले. तिसरा फोनवर बोलत होता, तो सरळ आला. बाईने पुढे होऊन त्याचा दंड धरला आणि त्याला हाताने बाजूला केले. तो चिडून काहीतरी म्हणाला, मग खाली पाहिले आणि फोन कानाला तसाच धरून गवतातून गेला.