सर्जेरावाच्या दारातला कडू घास

डोणवाडीच्या लोकांना लाज वाटायची ती फक्त दुसऱ्याच्या लेकीची. केशरबाईचं हे मत काही रागाच्या भरात झालेलं नव्हतं. ते सगळं गाव नीट पारखून झालं होतं. आणि गावातला सगळ्यात मोठा अब्रूदार म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर, सर्जेराव.

बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता केशरबाईचा नवरा उन्हाने गेला. तेव्हा सर्जेरावाने भावकी जमवून छातीवर हात ठेवला, "वैनीला आन् पोरीला आमी उघडं पडू देनार न्हाई." त्यानंतर वर्षभर त्याच्या घरून मूठभर ज्वारीही आली नाही. मायलेकी खडी फोडत राहिल्या. पोरीचं, प्रभावतीचं, अंग मात्र जन्मापासून नाचरं. पोळ्याला हलगी वाजली की घरात भांडं घासताना तिचे खांदे हलायचे. जालन्यात तमाशाचा फड मुक्कामाला आला, तेव्हा ती आपल्या पायांनी गेली आणि तिथेच राहिली. केशरबाईने रडून घेतलं, शिव्या घातल्या, मग तंबूत जाऊन लेकीचा नाच पाहिला. पोरगी हसत होती. खडीवर ती कधी हसली नव्हती, हे आईला तेव्हा ध्यानात आलं.

फडाच्या फलकावर नाव झळकलं : प्रभा डोणवाडीकर. झालं, गावाचं नाक कापलं गेलं. सर्जेराव चार टाळकी घेऊन जालन्याला गेला आणि फलकावरचं गावाचं नाव चुन्याने पुसायला लावलं. एवढं झाल्यावर ही सोवळी मंडळी परतली म्हणाल, तर छे! उपरण्यात तोंडं लपवून तंबूत पहिल्या रांगेत बसली. लावणी संपली तशी प्रभा खाली उतरली, पदर घेतला आणि भर तंबूत सर्जेरावाच्या पाया पडली. "काका, काकू बऱ्या हायेत का?" तंबूत असा हशा पिकला की सर्जेराव चपला तिथेच टाकून पळाला. लेकीने हे सांगितलं तेव्हा केशरबाई पोट धरधरून हसली होती.

पंचाहत्तर साली मुंबईचा एक कंत्राटदार नाचणाऱ्या बायकांचा ताफा दुबईला घेऊन निघाला. त्यात प्रभा. जाण्याआधी आईला भेटायला आली. "आये, इमानात बसून चालले मी! येताना तुला रेडू आनते." केशरबाईला रेडिओचं काय कौतुक? तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि जल्दी ये म्हणाली.

ती आलीच नाही. कंत्राटदाराने सगळ्यांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवले होते. बड्या लोकांच्या खोलीत जाऊन नाच म्हणाला. प्रभा म्हणाली, नाचीन ते लोकांपुढे, खोलीत नाही. माझा पासपोर्ट दे, मी घरी जाते. त्यावरून त्याने तिचा गळा दाबला. तो तिथेच पकडला गेला. हे सगळं ताफ्यातल्या बायकांनी परत आल्यावर केशरबाईला सांगितलं, पण ते फार उशिरा.

आधी आला तो जालन्याचा शिपाई, एकच सवाल घेऊन : मयत गावी आणायची का? केशरबाई रानात कापूस वेचत होती. बांधापर्यंत जाऊन तिला विचारावं, असं कुणाच्याही मनात आलं नाही. पुरुष माणूस बसलेला असताना बाईला काय विचारायचं? सर्जेरावाने पारावरूनच उत्तर दिलं, "तिकडंच देऊन टाका माती." आणि अंगठा उठवला. संध्याकाळी कापसाचं ओझं डोक्यावर घेऊन केशरबाई गावात शिरली, तेव्हा लेक मेल्याचंही कळलं आणि ती आता कधीच दिसणार नाही हेही.

ज्या घरातलं माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. भावकी पिठलं-भाकरी घेऊन येते, दुःखाच्या माणसाला कडू घास भरवते. केशरबाई थंड चुलीपुढे वाट पाहत बसली. कुणी फिरकलं नाही. शेवटी तिने सर्जेरावाला गाठून विचारलं. तो म्हणाला, "वैनी, हितं मातीच झाली न्हाई, तर घास कशाचा?" ज्याने माती होऊ दिली नाही, तोच हे बोलत होता. केशरबाईने शेंगदाणे चावले, पाणी प्यायली, पण चूल पेटवली नाही. आपण पेटवली तर लेक या गावात मेलीच नाही असं होईल, एवढंच तिला कळत होतं.

मग पेपरात प्रभाचा फोटो आला, ‘अब्रूसाठी जीव दिलेली लेक’ म्हणून, खाली गावाचं नाव. चुन्याखालचं नाव एकदम सोन्याचं झालं. पुढारी अप्पाराव जीपमधून आले, शाळेपुढे शोकसभा भरली, चहा-भजी झाली. ज्यांनी पोरीच्या नावाने थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, ते डोळे पुसत होते. सर्जेराव हुंदके देत म्हणाला, "परभा माझ्या पोटची लेकच व्हती. माझ्याच घरातलं मानूस गेलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! केशरबाईला किळस आली.

सकाळी तिने आपल्या हाताने चूल पेटवली. पिठलं हाटलं, भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि भर गावातून सर्जेरावाच्या दारी गेली. अप्पाराव रात्री तिथेच मुक्कामाला राहिले होते, जीप दारात उभी होती. ओट्यावर अप्पाराव आणि अर्धं गाव चहा पीत होतं. तिने फडकं सोडून सर्जेरावापुढे ठेवलं.

"भावजी, तुमच्या घरातलं मानूस गेलं म्हनले ना काल? कडू घास आनलाय. खा."

जित्या-जागत्या घराच्या उंबऱ्यावर कडू घास! सर्जेरावाची बायको आतून किंचाळली. पण नको म्हणावं, तर कालचं ‘पोटची लेक’ हे बोलणं गिळावं लागणार, तेही अप्पारावांच्या समोर. सर्जेरावाने इकडेतिकडे पाहिलं. कुणी त्याच्याकडे पाहीना. त्याने तुकडा मोडला.

तो भाकरी संपवेपर्यंत केशरबाई समोर उभी राहिली. मग दुसरी भाकरी उचलून त्याच्याच ओट्यावर बसली आणि लेक गेल्यापासूनचा भाकरीचा पहिला घास तिने तोंडात घातला.