बोटभर कमी

ही गोष्ट लिहायची मी आजवर टाळत आलो. आज सकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या बायकोने मला खोलीत बसवून चहा दिला. कप काठोकाठ भरून बशीतही ओघळलेला. तेव्हापासून ही गोष्ट टाळता येईना.

आमच्या गावी चहा असाच देतात. बशीत सांडला नाही, तर देणाऱ्याने हात आखडला असं समजतात. मला नोकरी लागल्यावर थोरली वहिनी शहरात आमच्याकडे आली होती. त्याच दिवशी साहेब घरी आले. तिने हौसेने चहा केला आणि बशा भरेपर्यंत ओतला. साहेबांनी रुमालाने कपाचं बूड पुसलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "वहिनी, चांगल्या घरात कप बोटभर कमी भरतात."

ती हसली. "बरं भावजी. आम्हाला मेलं काय कळतंय!"

पुढे गावी गेलो, की ती सगळ्यांना सांडेपर्यंत चहा द्यायची, माझा कप मात्र बोटभर कमी. त्यात राग नव्हता. भावजींना असाच लागतो, हे तिने लक्षात ठेवलं होतं. पुतणे बशीतला चहा फुर्रकन ओढायचे आणि मी माझ्या कोरड्या बशीकडे बघत बसायचो. एकदा तर तिनेच विचारलं, "बरोबर भरलाय ना, भावजी?" मी "हो" म्हणालो.

आता वहिनी नाही.

"सांडला बघा काका, पुसते," म्हणत वॉचमनच्या बायकोने फडकं उचललं. "राहू दे पोरी," मी म्हणालो. वहिनीला सांगायचं राहिलं ते एवढंच होतं: चुकलं माझं. माझ्याही बशीत सांडू दे.