साठ सेकंदांची मुदत

तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली जेवढी जागा उरते, तेवढंच तिचं दुकान. उंच माणसानं आत शिरताना मान वाकवायची आणि बाहेर पडताना ते विसरून डोकं आपटून घ्यायचं, हा तिथला शिरस्ता होता. टेबलावर भिंग, चिमटे, एक जुना टूथब्रश आणि स्क्रू ठेवायला औषधांच्या रिकाम्या डब्या. पाटीवर नुसतं ‘मोबाईल दुरुस्ती’ आणि खाली फोन नंबर. तिला मात्र सगळा बोळ सोल्डरबाई म्हणत असे. हे नाव तिच्या दादानं ठेवलं होतं. नऊ वर्षांची असताना तिनं रेडिओची तुटलेली तार अशी काही जोडली की त्याची स्वतःची जोडणी तिच्यापुढे गबाळी दिसायला लागली. मोठ्या भावाला हे झोंबायला हवं होतं. पण तो घरोघर सांगत सुटला, आमच्या सोल्डरबाईचा हात बघा म्हणून.

आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि दादाला तिनं अकरा वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी एक ट्रकवाला आला. डोकं आपटून घेऊनच आत आला, म्हणजे नियमाच्याही पुढचा. त्याची तक्रार साधी होती. फोनमध्ये एक ॲप होतं, ते दर रविवारी फोनमधलं सगळं जसंच्या तसं मेमरी कार्डावर उतरवून ठेवायचं. वाटेत कुठं चांगला पंक्चरवाला भेटतो, कुठल्या पुलावर रात्री दिवे नसतात, कुठल्या उतारावर गाडी आवरत नाही, अशा वीस वर्षांच्या खुणा त्यानं त्यात साठवल्या होत्या. दोन महिन्यांपासून ते ॲप उतरवून घेईना. उघडलं की म्हणायचं, रूटची परवानगी मिळालेली नाही. तीन दुकानदारांनी फोन बघितला होता. एकानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं फोन पूर्ण पुसून टाका म्हणून सल्ला दिला, आणि तिसरा म्हणाला की रूटबिट काही नसतं. हा तिसरा उंटावरचा शहाणा अजून धंद्यात आहे, हे ऐकून तिला बरं वाटलं. त्याच्या हातून बिघडलेले फोन शेवटी तिच्याकडेच येत.

ज्याला हे प्रकरण ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगायचं तर, फोन आपण विकत घेतो खरा, पण त्यात राहतो भाडेकरूसारखे. भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं. रूट करणं म्हणजे घरमालकाची किल्ली आपल्या हातात घेणं. मग दाराशी एक राखणदार ॲप बसवतात. दुसऱ्या कुठल्या ॲपला ती किल्ली हवी असली की राखणदार पडद्यावर विचारतो, देऊ की नको. दहा सेकंद वाट बघतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर स्वतःच ‘नको’ म्हणून टाकतो, आणि वर ते कायमचं लक्षात ठेवतो. त्यानंतर पुन्हा विचारण्याची भानगड नाही.

तिनं फोन हातात घेतला आणि घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायला लागली. आधी रूट शाबूत आहे का ते पाहिलं. होतं. मग राखणदार उघडून ॲपांची यादी काढली. यादीत त्या ॲपच्या नावापुढचं बटण बंद होतं. म्हणजे कधीतरी विचारणा झाली होती आणि ती कुणी पाहिलीच नव्हती. तिनं विचारलं तेव्हा ट्रकवाला म्हणाला, हो, मध्ये ॲप नवीन करून घेतलं होतं, आणि त्या रविवारी फोन खिशात होता आणि हात स्टिअरिंगवर. तिनं बटण चालू केलं. ॲप लगेच कामाला लागलं. एवढंच दुखणं होतं, आणि त्यासाठी बिचाऱ्याची बॅटरी बदलली गेली होती.

तिथंच फोन परत दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सेटिंग तपासल्याशिवाय फोन हातावेगळा करायचा नाही ही तिची सवय. तिनं राखणदाराची सेटिंग उघडली. वाट बघायची मुदत दहा सेकंदांची नव्हती. कुणीतरी ती वाढवून साठ केली होती. त्याच्यापुढे वाढवताच येत नव्हती, म्हणून साठवर थांबली होती.

असं कोण करतं, म्हणून तिला नवल वाटलं. मग फोनची मूळ फाईल कुणी जपून ठेवली आहे का ते बघायला ती फोल्डरांमध्ये शिरली. रूट करण्याआधी फोन ज्या फाईलवर सुरू व्हायचा ती जपली, तर केलेलं सगळं उलट फिरवता येतं. बरेचसे लोक ती ठेवतच नाहीत. इथं होती, आणि ज्या फोल्डरमध्ये होती त्याचं नाव होतं ‘परतीची वाट’.

तिचा हात थांबला. हे नाव जगात एकच माणूस देत असे. दादानं रूट केलेल्या प्रत्येक फोनमध्ये या नावाचं फोल्डर असायचं. आत जाण्याआधी बाहेर यायची सोय बघावी, असं तो म्हणायचा.

अशा माणसानं एकदाच घाई केली. आई गेल्यावर बाबांच्या जुन्या फोनमध्ये तिचे आवाजातले निरोप उरले होते. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती बोलून पाठवायची. येताना दूध आणा. छत्री विसरलात. किती वेळ झाला, कुठं आहात. बाबा रोज संध्याकाळी खुर्चीत बसून हे ऐकायचे आणि एकेकदा खरंच उठून दूध आणायला जायचे. ज्या ॲपमध्ये हे निरोप होते ते बंद पडणार असल्याचं कळलं, आणि त्याच्या पोटातून फाईली बाहेर काढायच्या तर फोन रूट करायला हवा होता. रूटसाठी आधी कंपनीनं आत घातलेलं कुलूप उघडावं लागतं, आणि कुलूप उघडलं की फोन आतलं सगळं पुसून टाकतो. दादाला हे तोंडपाठ होतं. पण या मॉडेलला तसं होत नाही, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. दुसरीकडे खात्री करून घेतली नाही. फोन पुन्हा सुरू झाला तेव्हा दुकानातून नुकताच आणावा तसा कोरा होता.

बाबा ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. ते दादाशी बोलायचे थांबले. तीन आठवडे घरात ताटं वाढली जायची आणि उचलली जायची. मग एका सकाळी दादा खांद्याला पिशवी लावून दुकानाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, मी राहू की जाऊ, तू सांग. ती भिंगाखाली चार्जिंगची पिन जोडत होती. तिनं मान वर केली नाही. हा एवढा टाका होऊ दे, मग बोलू, असं तिनं स्वतःला समजावलं, पण ते काही खरं नव्हतं. तीही रागावली होती. त्याला थोडं ताटकळू दे, असं तिला वाटलं होतं. टाका उत्तम बसला. तिनं मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

नंतर तिनं त्याचा नंबर लावला तो बंद, मित्रांना विचारलं तर त्यांनाही ठावठिकाणा नाही. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी तिला जवळ बसवून एक निरोप दिला, आणि म्हणाले, हे त्याला सांग. कुठं सांगायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. तेव्हापासून तो निरोप घेऊन ती या दुकानात बसत होती. रस्त्यात पाठमोरं कुणी ओळखीचं वाटलं की चार पावलं भरभर टाकायची आणि तोंड बघून मागं फिरायची.

तिनं ट्रकवाल्याला शक्य तितक्या सहज विचारलं की हा फोन कुठं घेतला. दोन दिवसांच्या रस्त्यावरचं एक गाव त्यानं सांगितलं. तिथं बस डेपोच्या भिंतीला लागून दुकान आहे. दुकानदार फार बोलत नाही, पण फोन देताना अर्धा तास डोकं खाल्लं, हे फोल्डर चुकूनही पुसू नका म्हणून. त्याचा नंबर आहे, हवा असेल तर घ्या. तिनं तो औषधाच्या डबीवर लिहून घेतला. फोन संध्याकाळी न्या, अजून थोडं तपासायचंय, असं सांगून तिनं ट्रकवाल्याला वाटेला लावलं. जाताना त्यानं पुन्हा डोकं आपटून घेतलं.

नंबर लावायला तिला दुपार झाली. मधल्या वेळात तिनं तीन फोनच्या काचा बदलल्या आणि त्यातली एक उलटी बसवली. शेवटी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि लावला.

“हॅलो, बोला,” पलीकडून आवाज आला. तोच होता. जरा जड झाला होता, एवढंच.

आणि अकरा वर्षं साठवलेलं सगळं बाजूला ठेवून ती ताकाला गेली आणि भांडं लपवून बसली. म्हणाली, एक फोन आलाय दुरुस्तीला, तुमच्या दुकानातला, रूटची परवानगी देत नाहीये. त्यानं धंद्याच्या आवाजात विचारलं, यादी उघडून बघितली का. ती म्हणाली, कुठली यादी.

पलीकडे बसचा हॉर्न वाजला.

“सोल्डर,” तो म्हणाला, “तुला यादी माहीत आहे.”

तिला रडू आलं. ते तिनं लपवलंही नाही. मग त्यानं विचारलं, बाबा कसे आहेत. तिनं सांगितलं. कधी, म्हणून विचारलं, तेही सांगितलं.

“त्यांनी तुझ्यासाठी निरोप ठेवलाय,” ती म्हणाली. “म्हणाले, त्याला सांग, मी उगाच अबोला धरला. तिचं बोलणं मला फोनशिवायही ऐकू येतं. शेवटपर्यंत येत होतं, दादा. एक दिवस मला दूध आणायला पाठवलं त्यांनी. म्हणाले, ती विसरू नका म्हणतेय.”

तो म्हणाला, हे मला आधी कळायला हवं होतं. तिनं विचारलं, मग एकदा तरी फोन का केला नाहीस, नंबर तर दुकानाच्या पाटीवर लिहिलाय, तोच आहे अजून. त्यावर तो म्हणाला की पहिली दोन वर्षं रोज लावायचो आणि वाजायच्या आत कापायचो. नंतर लाज इतकी जुनी झाली की तिच्यासकट राहायची सवय लागली.

“त्या दिवशी तू विचारलंस आणि मी गप्प बसले,” ती म्हणाली. “मला नको म्हणायचं नव्हतं.”

“मी जरा कमीच थांबलो,” तो म्हणाला.

मग तिनं सरळ विचारलं, घरी येशील का. त्यानं उत्तर दिलं, पण ते तिला नको होतं. त्याचं लग्न झालं होतं. बायको डेपोतच नोकरीला होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी चार वर्षांची. पाळंमुळं त्या गावात गेली होती. बघू, तो म्हणाला. एखाद्या सुट्टीत बघू. आपल्या माणसांच्या बघूचा अर्थ ज्याला कळतो त्याला तो लगेच कळतो, आणि तिला तर दादाचा प्रत्येक शब्द लहानपणापासून पाठ होता. तिनं मुलीचं नाव विचारून घेतलं, ती बोलते कशी, खाते काय, हात स्थिर आहे का तिचा. हात तुझ्यासारखाच आहे, तो म्हणाला. आपल्याला एक भाची आहे आणि ती चार वर्षांची होईपर्यंत आपण कुणाची आत्याच नव्हतो, हे तिच्या मनात फिरत राहिलं.

बोलण्यासारखं मोठं सगळं बोलून झालं. आता दोघांपैकी कुणीतरी ‘बरं, ठेवतो’ म्हणणार, हे दोघांनाही कळत होतं. बाहेर शेजारच्या इस्त्रीवाल्यानं तिचं दार वाजवलं. तिनं उघडलं नाही.

“दादा,” ती म्हणाली, “त्या फोनचं सांगायचं राहिलं. परवानगी दिली तरी घेत नाहीये.”

फोन तिच्यासमोर टेबलावर होता. बटण सकाळपासून चालू होतं. ट्रकवाल्याचे पूल, उतार आणि पंक्चरवाले केव्हाच सुखरूप कार्डावर जाऊन बसले होते. फोनमध्ये आता काडीचा दोष नव्हता, आणि ज्यानं तिला हे काम शिकवलं त्याला ते कळत नसेल असं म्हणायला ती काही दुधखुळी नव्हती.

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“आधी फोन बंद करून चालू कर,” तो म्हणाला.

तिनं फोनला हातही न लावता सांगितलं, केला. मग त्यानं राखणदार उघडायला सांगितलं. तो उघडल्यावर यादी. यादीतल्या एकेका ॲपचं नाव तिनं वाचून दाखवायचं आणि त्यानं हं म्हणायचं. यादी संपली तेव्हा तो म्हणाला, आता पुन्हा पहिल्यापासून वाच, सावकाश वाच, घाईत एखादं सुटतं.

ती पहिल्यापासून वाचायला लागली.