दोन वाळवंटं आणि मागच्या दारची कुंडी

माझ्या दोन्ही मुली वाळवंटात राहतात. हे सांगितलं की लोकांना माझी दया येते आणि मीही ती आनंदाने घेते. दोघींचा जन्म इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा, शाळा नॉटिंगहॅमची, बारा महिने दप्तरात छत्री. आणि संसार थाटायला शोधून शोधून जागा काढल्या त्या अमेरिकेतल्या, जिथे पाऊस पडला की बातमी होते. थोरली न्यू मेक्सिकोत, सात हजार फुटांवरच्या उंच वाळवंटात. धाकटी ॲरिझोनात, सखल वाळवंटात. हा उंच-सखल भेद बरीच वर्षं माझ्या डोक्यात शिरला नाही. वाळवंट म्हणजे वाळवंट. वाळू, ऊन, उंट. उंट नसतात, हे धाकटीने मला फोटो पाठवून पटवलं.

त्यामुळे दरवर्षी मी दोघींना फोनवरून एकच हुकूम सोडायची: इंडियन ग्रोसरीतून मेथी आणि धणे आणा आणि पाडव्याला पेरा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्याला नावं कोण ठेवणार? दोघी गुणी, पेरायच्या. मग महिन्याभराने थोरलीचा फोन यायचा, "आई, काल स्नो झाला. तुझा मेथी सगळा मेला." पुढच्या आठवड्यात धाकटी, "आई, तुझा मेथी जळला. पूर्ण क्रिस्पी झालाय." एकीची गोठली, दुसरीची करपली. मुहूर्त मात्र उत्तम होता. मी अर्थातच दोघींना आळशी ठरवून मोकळी झाले.

शेवटी दोघींनी मिळून माझा व्हिडिओ कॉलवर क्लास घेतला. थोरलीकडे म्हणे अर्धा मे उलटेपर्यंत थंडीचा भरवसा नाही. दुपारी ऊन चामडी सोलतं आणि रात्री त्याच वाफ्यावर गोधडी पांघरावी लागते. तिचं जर्दाळूचं झाड दर वसंतात मोठ्या उत्साहाने फुलतं, लगेच गारठा येऊन फुलं खाली पाडतो, तरी पुढच्या वर्षी ते पुन्हा फुलतंच. हा स्वभाव त्याने थोरलीकडूनच घेतला असावा. धाकटीकडे सगळंच उलटं. तिथे पेरणी दसरा-दिवाळीला, पालेभाजी संक्रांतीला, आणि उन्हाळ्यात माणसं एसीत, टोमॅटो मांडवाखाली. मोगरा मात्र इतका माजलाय की ती तो कुंपणासारखा कापते. ते ऐकून माझा जीव जळला.

बरं, दोघींना एकमेकींचं वाळवंट मान्य नाही. "तिकडे स्नो पडतो, तो काय डेझर्ट आहे?" इति धाकटी. "तिकडे ती बागकाम नाही करत, फक्त झाडांना वाचवते," इति थोरली. जमीन खणायला पहार लागते, एवढ्या एकाच मुद्द्यावर दोघींचं एकमत होतं.

माझ्या बागकामाविषयी बोलायचं तर मी गोगलगायी पाळते. त्यांच्यासाठी दरवर्षी महागाची रोपं आणून लावते. पाणी घालायचा प्रश्नच नाही, ते खातं वरच्याने स्वतःकडे ठेवलंय.

आणि लावते तेही कुंड्यांत. हा आमच्या ह्यांचा नियम. आम्ही दोघं इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आलो ते पाच वर्षांसाठी. पाच वर्षांत भारतात परत जायचं, मग जमिनीत कशाला काय लावायचं? गुलाब कुंडीत, पुदिना कुंडीत. बे लीफचं झाडसुद्धा कुंडीत, ज्याची पानं आपण तमालपत्र म्हणून पुलावात घालतो आणि मग तमालपत्राची चव नाही म्हणून कुरकुरतो. ती कुंडी ह्यांनी मागच्या दारापाशी फरशीवर ठेवली, थोरली तेव्हा रांगत होती. दर डिसेंबरात हे म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. मुली मोठ्या झाल्या, अमेरिकेला गेल्या, आम्ही दोघंही रिटायर झालो, पाच वर्षं काही संपेनात. दोन वर्षांपूर्वी हे गेले. परत नव्हे, नुसतेच गेले.

ह्या ऑक्टोबरात दोघी मुली एकदम आल्या. दोघींना एकाच वेळी रजा मिळते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. चहा झाल्यावर थोरली म्हणाली, "आई, आम्ही प्लॅन केलाय. समरमध्ये तू माझ्याकडे. तिकडे रात्री मस्त कूल असतो."

"आणि विंटरमध्ये माझ्याकडे," धाकटी म्हणाली. "हाउस विकून टाकू. पेपरवर्क आम्ही बघतो."

"माझा लेमन ट्री पण असाच आहे," थोरलीने जोडलं. "समरमध्ये बाहेर, थंडी आली की आत."

म्हणजे मी लिंबाची कुंडी. ऊन वाढलं की वर न्यायची, गारठा पडला की खाली आणायची. मला राग आला. आणि भरूनही आलं, कारण वाळवंटावरून इतकी वर्षं भांडणाऱ्या पोरींनी एकमत केलं होतं ते माझ्यासाठी. शिवाय त्यांचं खोटं नव्हतं. घर मोठं, मी एकटी, जिना चढताना गुडघे बोलतात. ह्या घरात आता माझं म्हणावं असं कुणी नाही. बघू, म्हटलं मी. भारतात परत जायचा विषय निघाला की आमच्या घरात शेवटी सगळे बघूच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी दोघींनी अंगण आवरायला काढलं. लहान कुंड्या भराभर शेजारच्या आजोबांकडे गेल्या. शेवटी बे लीफची राहिली. थोरलीने ढकलली. धाकटी रोज जिमला जाते, तिनेही जोर लावला. कुंडी हलेना. मग थोरली ओल्या फरशीवर आडवी झाली आणि कुंडीच्या बुडाशी टॉर्च मारून बघू लागली.

"आई," ती म्हणाली, "हा पॉटमध्ये नाहीये."

मी कशीबशी वाकून पाहिलं. कुंडीच्या भोकातून मनगटाएवढं मूळ बाहेर पडलं होतं आणि दोन फरश्यांच्या फटीतून थेट जमिनीत गेलं होतं. केव्हाचं, कोण जाणे. हे दर डिसेंबरात पुढच्या वर्षी नक्की म्हणत होते, तेव्हा ते मूळ खाली चाललं होतं. मला आधी हसू आलं. मग मी तिथेच पायरीवर बसून रडले, ह्यांच्या मागे प्रथमच इतकी मोठ्याने.

धाकटीच्या हातात शेडमधली करवत होती. तिने थोरलीकडे पाहिलं. "कट केला तर?"

"मरेल," थोरली म्हणाली. "माझ्याकडे नेला तरी."

"हो. माझ्याकडे पण मरेल."

पावसाची भुरभुर सुरू झाली, तरी कुणी आत गेलं नाही. मग धाकटी करवत शेडमध्ये ठेवून आली आणि माझ्या शेजारी ओल्या पायरीवर टेकली.

"आई, मग पाडव्याला आम्ही इकडे येऊ का?"

"या," मी म्हटलं. "आणि येताना मेथी आणा. इथे पाडव्याला काय होतं तेही बघू."