शिफ्टला उठवणारी

भिलाईच्या कारखान्यात नोकरी देवरावांची होती, पण त्यांची शिफ्ट खरं तर रत्नमालाबाई सांभाळायच्या. कधी फर्स्ट, कधी सेकंड, कधी नाइट. नवऱ्याला वेळेवर उठवायचं काम बायकोचं, असा त्या क्वार्टरांमधला रिवाजच होता. अलार्मवर कुणाचा भरवसा नव्हता. बाई एक कान उघडा ठेवून झोपायच्या आणि वेळ झाली की देवरावांच्या खांद्याला नुसता हात लावायच्या. नोकरीभर एकदाही लेट झाले नाहीत म्हणून देवरावांचा सत्कार झाला. बाईंना कुणी काही दिलं नाही, आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटलं नाही. मला वाटतं, पण माझं कोण ऐकतंय!

देवराव रिटायर झाले, भिलाईजवळच चरोद्याला घर बांधलं, आम्ही शेजारी झालो. बाईंचा कान मात्र अजून ड्यूटीवरच होता.

तशात त्यांनी एक नवीनच गोष्ट मनावर घेतली. त्या लहान असताना, आमगावजवळच्या त्यांच्या गावात, त्यांच्या मायला पहाटे बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. रत्नमाला झोपलेली होती. तिला कुणी उठवलं नाही, आणि माय परत आली नाही. तेव्हापासून माय स्वप्नात येते. पण स्वप्नात बाईंना आठवतच नाही की ती गेलेली आहे. दोघी वांग्याच्या भाजीबद्दल बोलत बसतात. मग जाग येते आणि बाई उशीत तोंड खुपसून रडतात.

"एकदा तिले विचारायचं हाये," त्या म्हणायच्या, "जाताना मले कावून नाही उठवलं?"

मार्ग सुनेनं, समृद्धीनं दाखवला. तिने मोबाइलवर वाचलं होतं की जागेपणातूनच थेट स्वप्नात शिरता येतं. "आई, शरीर को सोने दो, बस मन जागं ठेवा. अंग एकदम ढिल्लं सोडा. मग स्वप्न सुरू झालं तरी तुमाले समजते का हे स्वप्न हाये."

रोज दुपारी जेवणं आटोपली की बाई आडव्या होत. आधी नाकाला खाज सुटे. मग आवंढा गिळावासा वाटे. अंग ढिलं सोडायचं म्हणून त्या इतक्या नेटाने सोडत की दातावर दात घट्ट बसत. कधी हातपाय जरा जड झालेच, तर आता जमतंय या आनंदानेच छाती धडधडे आणि झोप पळून जाई. समृद्धी म्हणे, "टेन्शन मत लो, आई." असं म्हटल्याने कुणाचं टेन्शन गेलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

एके दुपारी मात्र गाडी बरीच पुढे गेली. हातपाय आहेत की नाहीत ते कळेना, मिटल्या डोळ्यांपुढे रंग हलू लागले, आणि कानात कारखान्याचा भोंगा वाजला. असे खोटे आवाज येतात, तसंच पडून राहायचं, हे समृद्धीने बजावून ठेवलं होतं. पण भोंगा तो भोंगा. बाई ताडकन उठल्या आणि शेजारच्या खाटेवर घोरणाऱ्या देवरावांना हलवलं, "उठा, शिफ्ट!" देवराव उठले, तोंडावर पाणी मारलं, बूट चढवले आणि सायकल फाटकाबाहेर काढली. तिथे मात्र ते थांबले. जायचं कुठे, ते त्यांना आठवेना.

सगळी गल्ली हसली. मीही हसलो. देवराव हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते खाटेवर गेलेच नाहीत. बाईंच्या उशाशी खुर्ची ओढून बसले.

"तू झोप. मी जागा आहो. भोंगा वाजो का काई वाजो, मी पाहून घेतो."

दुपारची झोप म्हणजे या माणसाचा जीव की प्राण. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आपल्यासाठी कुणी जागं बसलंय, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. हळूहळू दातांची पकड सुटली. भोंगा आला, वाजला, निघून गेला.

समोर गावचं घर होतं. माय खाटेवर कुशीवर झोपली होती, गालाखाली हात घेऊन. हे स्वप्न आहे, माय गेलेली आहे, हे बाईंना लख्ख कळत होतं. आता फक्त खांद्याला हात लावायचा आणि विचारायचं. त्या खाटेजवळ गेल्या. हात पुढे केला.

डोळे उघडले तेव्हा देवराव खुर्चीत ताठ बसलेले होते.

"भेटली?"

"भेटली."

"मंग? विचारलं?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. "इतकी गाढ झोपली होती," त्या म्हणाल्या, "उठवावंसंच नाही वाटलं."