मी त्यांना शिक्षिका केलं

पहिल्या भेटीत सासूबाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. तेव्हा त्या अजून सासूबाई झाल्या नव्हत्या. मी बर्लिनमध्ये शिकत होते आणि बरोबरच्या एका मुलाने मला आईला भेटायला घरी नेलं होतं. दार उघडलं ते एका उंच, केस आखूड कापलेल्या बाईंनी. त्यांनी माझा हात हातात घेतला, हसल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "आज संध्याकाळी तिचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी ती बोलत नाही. कुजबुजतसुद्धा नाही, त्याने आवाज जास्त बिघडतो म्हणते."

टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. त्यांनी एकीवर लिहून माझ्यापुढे सरकवलं, 'चीज खातेस ना?' मी मान हलवली. थोड्या वेळाने दुसरी चिठ्ठी आली, 'संध्याकाळी ये.' माझा दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी तसं सांगितलं. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि लिहिलं, 'मग पुढच्या वेळी.'

त्या डच होत्या. उत्तरेकडच्या एका छोट्या गावात त्यांचे वडील कालव्यावरचा पूल सांभाळायचे. बोट आली की पूल वर उचलायचा, गेली की खाली आणायचा. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून त्या ॲमस्टरडॅमला आल्या. दिवसा हातमोज्यांच्या दुकानात काम आणि संध्याकाळी एका कॅफेत गाणं. त्या गात तो प्रकार शाँसों. यात गळ्याच्या करामती नसतात. शब्द महत्त्वाचे. एखादी बाई आपल्या शेजारी बसून तिच्यावर गुदरलेलं सांगते आहे, तसं ते गाणं असतं. हे मला त्यांच्या मुलाने समजावलं.

सव्विसाव्या वर्षी त्या दोन आठवड्यांच्या कार्यक्रमांसाठी बर्लिनला आल्या आणि राहिल्याच. तिथल्या नाट्यगृहात दिवे सांभाळणाऱ्या माणसाशी त्यांनी लग्न केलं. त्यांच्या दोन रेकॉर्ड निघाल्या. नवरा गेल्यावरही रोज सवयीने दोन पाव विकत घेणाऱ्या एका बाईचं गाणं त्यांनी लिहिलं होतं. एक अख्खा उन्हाळा ते रेडिओवर वाजलं. मग सगळे म्हणू लागले, आता असंच पण थोडं आनंदी काहीतरी लिहा. त्यांनी ते केलं नाही. पुढची चाळीस वर्षं त्या ऐंशी-शंभर खुर्च्यांच्या लहान सभागृहांतून गात राहिल्या, पियानोवर कायम तोच एक साथीदार. जर्मन वर्तमानपत्रं त्यांच्याबद्दल लिहिताना दरवेळी 'ही डच बाई' अशीच सुरुवात करत. आणि माहेरी गेल्या की बहिणी म्हणत, तू आता अगदी जर्मन झालीस.

आमचं लग्न ठरलं तेव्हा मी पुण्याला फोन केला. आईबाबांना मुलगा जर्मन असल्याचा धक्का पचायला एक महिना गेला होता. आता आई घरच्यांची चौकशी करू लागली.

"वडील नाहीत. आई आहे. गाते."

"गाते म्हणजे? शास्त्रीय?"

"नाही. स्टेजवर."

"स्टेजवर म्हणजे नक्की काय?" आईचा आवाज बदलला. मागे बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

त्या क्षणी मला कॅफे, वाईनचे ग्लास, त्यांच्या घराच्या भिंतीवरचं काळ्या झग्यातलं मोठं पोस्टर, सगळं एकदम दिसलं. मी म्हणाले, "म्हणजे शिकवते. शाळेत संगीत शिकवते."

"अगं मग तसं सांग ना," आई म्हणाली.

लग्नासाठी आईबाबा बर्लिनला आले. त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंकडे गेले. तेव्हा कळलं की नोंदणीनंतरच्या जेवणात त्या गाणार होत्या. स्वतः लिहिलेल्या चार ओळी त्यांनी विद्यापीठातल्या कुणाकडून मराठीत करून घेतल्या होत्या. दोन महिने त्या त्यांचे उच्चार घोटत होत्या. पियानोवाल्यांनाही सांगून ठेवलं होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. जर्मनमध्ये मी त्यांना 'तू' म्हणायचे, मराठीत लिहिताना मात्र हात धजत नाही.

"घरी वाटतंय की तुम्ही शिक्षिका आहात," मी म्हणाले. "फक्त हे तीन आठवडे. मग मी हळूहळू सांगेन त्यांना."

त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. "या," म्हणाल्या. जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'. मग जरा थांबून म्हणाल्या, "कुठल्या वर्गाला शिकवते मी?"

मी हसले. मला वाटलं, त्यांनी ते हलकेच घेतलं.

नोंदणी कचेरीतून आम्ही एका रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत जेवायला गेलो. सासूबाई आईने आणलेली मोरपंखी साडी नेसून बाबांच्या शेजारी बसल्या. बाबांनी इंग्रजीत विचारलं, "विहीणबाई, मुलं ऐकतात का हो तुमचं?" त्या म्हणाल्या, "लहान असताना ऐकतात." बाबा खूश झाले. त्यांनी स्वतः बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. पियानोवाले कोपऱ्यात बसून निमूटपणे केक खात होते. आईबाबा सासूबाईंच्या घरी चहाला गेले तेव्हा भिंतीवर पोस्टर नव्हतं. जिथे ते होतं तिथला रंग बाकी भिंतीपेक्षा उजळ दिसत होता.

तीन आठवड्यांनी मी काही सांगितलं नाही. नंतरही नाही. आम्ही नोकरीसाठी म्युनिकला आलो. मुलगी झाली. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सासूबाई असल्या की बाबा शाळेच्या सुट्ट्यांची चौकशी करायचे आणि त्या उत्तरं द्यायच्या. एका वर्षी त्यांनी शाळेतून निवृत्तीही घेतली. बाबांनी अभिनंदन केलं.

त्यांचं गाणं ऐकायला मी गेले नाही, असं ठरवून कधीच झालं नाही. कधी मुलीला ताप होता, कधी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, कधी त्यांचा कार्यक्रम इतक्या आडगावात असायचा की तीन गाड्या बदलाव्या लागायच्या. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी निरोपाचा कार्यक्रम ठरवला, बर्लिनमध्येच. तिकिटं स्वतः पाठवली. त्या शनिवारी मुलीची पोहण्याची परीक्षा होती. नवरा एकटा गेला.

"परीक्षेला दुसरा दिवस मागून घेता आला असता," परत आल्यावर तो म्हणाला. एवढंच. त्याआधी आणि त्यानंतर तो मला या विषयावरून कधी बोलला नाही.

पुढच्या वर्षी सासूबाईंच्या मानेतली गाठ काढावी लागली. आवाजाला धोका आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. शस्त्रक्रियेनंतर आवाज आला तो नुसता हवेचा, खरखरीत. बोलता येत होतं, गाणं संपलं होतं.

मी पुण्याला कळवलं. बाबांनी मागचा टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "परत गाता नाही येणार का त्यांना?"

"शिकवणं तर केव्हाच बंद केलंय त्यांनी, बाबा."

"शिकवण्याचं कुठे म्हणतोय मी? गाण्याचं म्हणतोय."

बाबाच पुढे म्हणाले, "तुमच्या लग्नानंतर महिन्याभरात तुझ्या मावसभावाने यूट्यूबवर काढून दिले होते त्यांचे व्हिडिओ. शब्द नाही कळत गं, त्या पाववाल्या गाण्याचा अर्थ तेवढा त्याने शोधून सांगितला. पण कुठे थांबतात, ते कळतं. तुझी आई पोळ्या करताना लावते."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू शिक्षिका म्हणालीस. त्याही तेच म्हणाल्या. आम्हाला वाटलं, त्यांनाच नको असेल तो विषय. कशाला दुखवायचं?"

त्याच आठवड्यात मी एकटी बर्लिनची गाडी पकडली. सासूबाई सूपसाठी भाजी चिरत होत्या. मी कोटही न काढता बाबांचं सगळं बोलणं सांगितलं आणि माफी मागितली.

त्यांनी सुरी ठेवली. त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या, "चौदा वर्षं. माझा दुसरा कुठलाही प्रयोग इतका चालला नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं होतं?"

"हो," त्या म्हणाल्या. "लागलं होतं मला. मी ॲमस्टरडॅमला गेले तेव्हा माझे वडील गावात सांगायचे, मुलगी ऑफिसात टायपिस्ट आहे. सुट्टीत घरी गेले की शेजाऱ्यांसमोर मीही तेच सांगायचे. एका वर्षी नाही म्हटलं, आणि मग बारा वर्षं त्या घरी गेले नाही." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. बोलताना त्यांना दम लागत होता. "तू आलीस तेव्हा मी साठीला आले होते. परत एक घर गमवायचं नव्हतं. म्हणून लगेच हो म्हटलं. तुझ्यापेक्षा माझाच राग आला मला."

मी रडत होते. त्यांनी मला बसवलं, कोट काढून घेतला आणि उरलेली भाजी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघींनी मिळून ती चिरली. जेवताना बाबांना फोन लावला. "विहीणबाई, तुमचं पाववालं गाणं आम्हाला फार आवडतं," बाबा म्हणाले. त्यांनी फोन जवळ ओढला. मग इंग्रजीत म्हणाल्या, "ते मी स्वयंपाकघरात बसून लिहिलं होतं." त्या दिवशी दोघं अर्धा तास बोलले. आईने भाताचा कुकर उतरवता उतरवता मध्येच विचारलं, त्या बाईचं पुढे काय झालं?

उन्हाळ्यात आईबाबांना बोलवायचं ठरलं होतं. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, व्हिसा लांबला. सासूबाई फेब्रुवारीत गेल्या.

दफनानंतर कॉफी आणि केकसाठी सगळे दफनभूमीजवळच्या कॅफेत जमले. माझ्या ओळखीची नसलेली कितीतरी माणसं आली होती. लाल टोपीतली एक वयस्क बाई माझ्याजवळ येऊन बसली. सासूबाईंचा एकही कार्यक्रम ती चुकवत नसे.

"तुम्ही तर घरच्या," ती म्हणाली. "तुम्ही किती वेळा ऐकलं असेल."

"समोर बसून एकदाही नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. कारण विचारलं नाही. कप बाजूला ठेवला आणि सासूबाई स्टेजवर कशा येत, सुरुवातीला काही क्षण हात पियानोवर टेकवून कशा उभ्या राहत, कुणीतरी खोकून घेईपर्यंत कशा थांबत, ते मला सांगू लागली. मी ऐकत राहिले.